कूलंटमध्ये ऑइल दिसलं? लगेच हेड उघडू नका
कूलंटच्या टाकीत तपकिरी, लोण्यासारखा थर दिसला की हेड गॅस्केट गेलं असं ठरवून टाकतात. पण इंजिनाला कूलंटवर चालणारा ऑइल कूलर असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. चालू इंजिनात ऑइलचा दाब साधारण 3-4 बार, कूलंटचा जेमतेम 1 बार. त्यामुळे कूलर आतून फुटला की ऑइल कूलंटमध्ये घुसतं, डिपस्टिक मात्र स्वच्छ राहू शकते. गॅस्केटमुळेही असं होतं, हे खरंच. म्हणून तर कूलंटमध्ये एक्झॉस्ट गॅस आहे का बघा, कॉम्प्रेशन तपासा, कूलरची प्रेशर टेस्ट करा. गळती बंद केल्याशिवाय फ्लश करणं व्यर्थ. नंतर कमी फेसाचं डिटर्जंट घालून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. फुगलेले, मऊ पडलेले होज बदलाच. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.