थंडीतला हलका संत्रा केक

थंडी पडू लागली की विदर्भातील बाजारात आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग दिसतात. ती संपत येतात तोच फेब्रुवारीत मृग बहराची फळे येतात. मधल्या काळात नाताळ आणि नवे वर्ष. मुले केकसाठी हट्ट धरतात आणि मग ‘संत्र्याचा केक म्हणजे फळच की, मधुमेह्यालाही चालतो,’ असे म्हणत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातावरही मोठा तुकडा ठेवला जातो.

हा समज घातक आहे. संत्र्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट होते आणि गाळलेल्या रसात फळाचा चोथाही उरत नाही. केकमध्ये राहतो तो मुख्यतः सुगंध. तो सालीच्या केशरी थरातील तेलाचा असतो. म्हणून साल केकसाठी वापरावी आणि फळ ताजे खावे. जेवणाबरोबर संत्रे खाल्ले तर डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात चांगले शोषले जाते. संत्र्याने सर्दी होते, ही भीतीही बाळगू नये. सर्दी विषाणूंमुळे होते.

आमच्या मामंजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. थंडीत पहाटेचे फिरणे थांबते, डिंकाचे लाडू सुरू होतात आणि साखर वाढते. गेल्या हिवाळ्यात उपाशीपोटी ती १८० वर गेली आणि डॉक्टरांनी औषध वाढविण्याचा इशारा दिला. केक अगदी बंद केला तर ते बाहेर खातील, हे मी जाणून होते. म्हणून घरीच मोजून केक करायचे ठरविले.

साहित्य: बारीक रवा १५० ग्रॅम, कणीक ७५ ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, दही १२५ ग्रॅम, तेल ५० मिलिलिटर, संत्र्याचा रस १५० मिलिलिटर, एका संत्र्याची किसलेली साल, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा.

कृती: संत्रे कोमट पाण्यात चोळून धुवावे. साल किसताना पांढरा भाग येऊ देऊ नये, त्याने केक कडवट होतो. दही फ्रीजमधले गार नको. दही, साखर व तेल फेटून त्यात रवा, कणीक, रस आणि साल घालावी व वीस मिनिटे झाकून ठेवावे. फार घट्ट वाटल्यास दोन-तीन चमचे दूध घालावे. सोडा व बेकिंग पावडर अगदी शेवटी घालावी. आंबट रसाशी गाठ पडताच सोड्यातून वायू सुटू लागतो आणि त्यानेच केक हलका होतो. मिश्रण तसेच ठेवले तर वायू निघून जातो व केक बसतो. ओव्हन नसल्यास जाड कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून ती दहा मिनिटे तापवावी. तेल लावलेले भांडे आत ठेवून, झाकण घालून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. सुरी टोचल्यावर कोरडी निघाली की केक झाला.

याचे बारा तुकडे करावेत. एका तुकड्यात वरून घातलेली साखर सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड चमचा, आणि सुमारे १४० उष्मांक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला आहे. त्यात चहाची साखरही आलीच! मधुमेह्यांनी तर रवा आणि कणीकही हिशेबात धरावी. तुकडा खायचा असेल त्या वेळी एक पोळी कमी करावी आणि किती चालेल हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मामंजी आता आठवड्यातून दोनदा एकच तुकडा खातात आणि ऊन वर आल्यावर अर्धा तास चालतात. तीन महिन्यांनी त्यांची साखर १४० वर आली. याचे श्रेय केकला नाही, मोजून खाण्याला आणि चालण्याला आहे. तेव्हा यंदा केक जरूर करा, पण सुरी हाती घेण्यापूर्वी बारा तुकड्यांचा हिशेब विसरू नका.