जुम्म्याची सकाळ : मुस्लिम शेजाऱ्याच्या प्रार्थना व आशीर्वचने

हैदराबाद, बेळगाव, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी सेवा करणाऱ्या आमच्या पाळकांस व धर्मशिक्षकांस शुक्रवार हा दिवस ओळखू आल्यावाचून राहत नाही. शेजारचे मुसलमान गृहस्थ त्या दिवशी सकाळीच स्नान करून, स्वच्छ कपडे घालून, अत्तर लावून बाहेर पडतात. वाटेत भेट झाल्यास 'जुम्मा मुबारक' म्हणतात. आणि अलीकडे तर पहाटेच मोबाइलवर फुलांच्या चित्रासह एखादी दुआ येऊन पोहोचते. तिला उत्तर काय द्यावे, तिच्यावर 'आमेन' म्हणावे किंवा कसे, असे मंडळीतील माणसे आपल्या पाळकास विचारतात. ह्या प्रश्नाला घाईने होय किंवा नाही असे उत्तर देण्यापेक्षा त्या शब्दांमागे कोणती श्रद्धा उभी आहे हे पाहणे आम्हांस अधिक उपयुक्त वाटते.

प्रथम एक भाषिक अडचण दूर केली पाहिजे. मराठीत आपण 'प्रार्थना' हा एकच शब्द वापरतो, पण मुस्लिम उपासनेत त्याच्या जागी निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नमाज म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हालचालींसह व अरबी शब्दांत करावयाची विहित उपासना. दुआ म्हणजे देवापाशी केलेली विनंती. ती कोणत्याही भाषेत व कोणत्याही वेळी करता येते. तिसरे दुरूद, म्हणजे मुहंमद पैगंबरांवर देवाने कृपा करावी अशी याचना. शुक्रवारच्या सकाळी ही तिन्ही एकत्र येतात, आणि बाहेरून पाहणारा त्यांची गल्लत करतो. मोबाइलवर येणारा संदेश बहुधा दुआ असतो, क्वचित दुरूद असतो. नमाज तो कधीच नसतो.

शुक्रवारचे अरबी नाव 'जुमुआ' हे 'एकत्र जमणे' ह्या अर्थाच्या धातूपासून आले आहे. इस्लामपूर्व काळी अरब लोक ह्या दिवसाला 'अरूबा' म्हणत, आणि हा शब्द सुरियानी मंडळ्यांच्या भाषेतील शुक्रवारच्या नावाशी, म्हणजे शब्बाथाच्या पूर्वसंध्येच्या नावाशी, जुळतो. गॉइटाइन ह्या विद्वानाने १९५९ साली असे मत मांडले की मदिनेत शुक्रवार हा बाजाराचा दिवस होता. यहूदी लोक शब्बाथासाठी त्या दिवशी सामान भरीत आणि आसपासचे लोक आपोआप जमत, म्हणून सार्वजनिक उपासनेसाठी तो दिवस सोईचा ठरला. हे मत सर्वांनी स्वीकारले आहे असे नाही. परंतु कुराणाच्या ६२ व्या अध्यायातील आज्ञा वाचली म्हणजे त्याला बळकटी येते. त्या आज्ञेचा आशय असा की, शुक्रवारची बांग झाली म्हणजे खरेदीविक्री सोडून देवाच्या स्मरणाकडे धाव घ्यावी, आणि उपासना आटोपल्यावर पुन्हा पांगून देवाची कृपा, म्हणजे उपजीविका, शोधावी. तेव्हा शुक्रवार हा विसाव्याचा दिवस नव्हे. 'मुसलमानांचा शब्बाथ' किंवा 'मुसलमानांचा रविवार' असे जे आपल्या व्याख्यानांतून म्हटले जाते ते अयोग्य आहे. सहा दिवसांत विश्व निर्मिल्यावर देवाला थकवा शिवला नाही, असे कुराण ५० व्या अध्यायात आवर्जून सांगते; त्यामुळे सातव्या दिवशीच्या विश्रामाला तेथे जागाच उरत नाही.

मुस्लिम गणनेप्रमाणे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील संध्याकाळ व सकाळ हा क्रम ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. म्हणून गुरुवारची रात्र ही शुक्रवारचीच रात्र होय. आपल्याकडे दखनी व उर्दू बोलणारे लोक गुरुवारला 'जुमेरात' म्हणतात ते ह्याच कारणाने, आणि दर्ग्यांवर त्या संध्याकाळी गर्दी लोटते तीही त्यामुळेच.

पहाटेच्या फज्र नमाजेत दोन रकाती असतात. शुक्रवारी पैगंबर पहिल्या रकातीत 'सजदा' हा ३२ वा अध्याय व दुसरीत 'दहर' किंवा 'इन्सान' हा ७६ वा अध्याय म्हणत, असे बुखारी व मुस्लिम ह्या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांत नमूद आहे. एका अध्यायात मनुष्याची मातीतून घडण व मेल्यावर पुन्हा उठणे हा विषय आहे. दुसऱ्यात, कोणाच्या आठवणीतही नसलेला मनुष्य देवाने अस्तित्वात आणला हे सांगून, गरीब, पोरका व बंदिवान ह्यांना परतफेडीची किंवा आभाराची अपेक्षा न ठेवता केवळ देवाखातर जेवू घालणाऱ्यांचे वर्णन येते. मत्तयाचा २५ वा अध्याय शिकविणाऱ्याने हा भाग एकदा अवश्य वाचावा. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत, आणि हनफी विधिज्ञ एकच अध्याय कायमचा नेमून ठेवणे पसंत करीत नाहीत. कोकणातील मुसलमान मात्र शाफई मताचे आहेत. त्या मतात ही प्रथा अधिक आग्रहाने पाळतात.

स्नान, दातवण, स्वच्छ वस्त्र व सुगंध ही शुक्रवारची पूर्वतयारी होय. जो पहिल्या घटकेस मशिदीत जातो त्याने जणू उंट अर्पिला, त्यानंतरच्याने गाय, मग मेंढा, मग कोंबडी आणि शेवटच्याने अंडे, असे हदीस सांगते. इमाम प्रवचनाला निघाला म्हणजे देवदूत आपल्या वह्या मिटून ऐकावयास बसतात. उपासना सुरू झाल्यावर मागच्या बाकांवर येऊन बसणाऱ्या आपल्या मंडळींना ही उपमा सांगण्यास हरकत नसावी.

शुक्रवारी घरोघर जे वाचन चालते त्यात 'कहफ', म्हणजे गुहा, ह्या १८ व्या अध्यायाचा मान मोठा. शुक्रवारची सार्वजनिक नमाज स्त्रियांवर बंधनकारक नाही, आणि आपल्या देशात बहुतेक स्त्रिया दुपारची नमाज घरीच पढतात; त्यामुळे कहफचे पठन हा पुष्कळ घरांत त्यांच्या शुक्रवारचा मुख्य भाग असतो. हे पठन करणाऱ्यास एका शुक्रवारपासून दुसऱ्यापर्यंत प्रकाश लाभतो अशी श्रद्धा आहे. त्या हदिसीच्या परंपरेविषयी मुस्लिम अभ्यासकांतही चर्चा आहे, पण प्रथा दृढ आहे.

हा ११० आयतींचा अध्याय ख्रिस्ती सेवकाने लक्षपूर्वक वाचावा असे आम्ही आग्रहाने म्हणतो, कारण त्यातील मुख्य कथा आपल्याच घरून गेलेली आहे. इफिस येथील काही तरुण डेशियस बादशहाच्या छळातून निसटून एका गुहेत लपले, तेथे झोपी गेले आणि दुसऱ्या थिओडोशियसच्या काळी जागे झाले, अशी ती 'सात निद्रितांची' कथा. सरूगच्या याकोबाने, जो ५२१ साली निवर्तला, तिच्यावर सुरियानी भाषेत पद्यमय प्रवचन रचले आहे. देहाच्या पुनरुत्थानाविषयी शंका घेणाऱ्यांस उत्तर म्हणून मंडळी ही कथा सांगे. कुराणही ती त्याच हेतूने सांगते. मात्र निद्रितांची संख्या किती ह्यावर वाद घालू नये, ती देवच जाणतो, असे बजावते, आणि गुहेच्या दाराशी बसलेल्या कुत्र्याची आठवण ठेवते. शब्बाथाच्या पूर्वसंध्येचे नाव आणि इफिसच्या निद्रितांची कथा ह्या दोन्ही गोष्टी सुरियानी ख्रिस्ती लोकांना परिचित होत्या. शुक्रवारच्या मुस्लिम सकाळीत आज त्या दोन्ही आहेत.

परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी, चौथ्या व पाचव्या आयतीत, देवाने पुत्र स्वीकारला असे म्हणणाऱ्यांस कडक इशारा आहे. पहिल्या दहा आयती जो मुखोद्गत करील त्याचे दज्जालापासून रक्षण होईल, असे मुस्लिमच्या संग्रहातील हदीस सांगते. दज्जाल म्हणजे युगान्ती येणारा महाठक, आपल्या भाषेत ख्रिस्तविरोधी; आणि त्याचा वध परत आलेल्या ईसाच्या हातून होईल अशी मुस्लिम श्रद्धा आहे. म्हणजे ज्या ओळी एक भाविक स्त्री शुक्रवारी सकाळी संरक्षणासाठी जपते, त्यांतच आपल्या विश्वासाच्या मध्यबिंदूचा नकार आहे, आणि तिला ज्या शत्रूची भीती वाटते त्याच्यावर विजय मिळविणारा मात्र येशूच आहे. हा पेच गोड बोलून झाकता येत नाही. 'सर्व प्रार्थना सारख्याच' असे म्हणणारे आपल्या शेजारणीचे पठनही ऐकत नाहीत व आपला मतांगीकारही ऐकत नाहीत.

आता दुरूद. कुराणाच्या ३३ व्या अध्यायात देव व त्याचे दूत पैगंबरांवर कृपाप्रसाद पाठवितात, तेव्हा विश्वासणाऱ्यांनीही तसे करावे, अशी आज्ञा आहे. आणि शुक्रवारी दुरूद अधिक म्हणावे असे हदीस सांगते. जो एकदा म्हणतो त्याच्यावर देव दहा वेळा कृपा करतो अशी ग्वाही आहे. पंधराव्या शतकातील मोरोक्कोच्या अल्-जझूली यांनी 'दलाइलुल खैरात' हा दुरूदांचा संग्रह आठवड्याच्या वारांप्रमाणे विभागून रचला, तो आपल्याकडेही वाचला जातो. आपले काही उपदेशक दुरूद ऐकून 'मुसलमान पैगंबराची भक्ती करतात' असे सांगतात. हे चूक आहे. दुरूद पैगंबरांस उद्देशून नसून पैगंबरांसाठी देवाकडे आहे. ज्याच्यासाठी याचना करावी लागते तो देव नव्हे, हे त्या शब्दरचनेतच येऊन गेले. जुम्म्याच्या नमाजेनंतर उभे राहून सामुदायिक सलाम म्हणावा की नाही ह्यावर बरेलवी व देवबंदी मतांत तंटा आहे. त्यात आपण पडू नये.

नमाजेच्या अखेरच्या बैठकीत म्हणावयाच्या 'दुरूदे इब्राहिमी'त, इब्राहिमावर व त्याच्या घराण्यावर जशी कृपा केलीस तशी मुहंमदांवर व त्यांच्या घराण्यावर कर, अशा आशयाची मागणी आहे. येथे उत्पत्तीचा १२ वा अध्याय आपणांस आठवतो. पौलाने गलतीकरांस शिकविले ते असे की अब्राहामाचा आशीर्वाद राष्ट्रांपर्यंत ख्रिस्ताच्या द्वारे पोहोचतो. वाद येथेच आहे : अब्राहामास वचन मिळाले हे दोघेही मानतात, ते कोणामध्ये पुरे झाले ह्यावर मार्ग वेगळे होतात.

शुक्रवारी एक घटका अशी असते की तीत मागितलेले मिळते, अशीही श्रद्धा आहे. ती घटका कोणती ह्याविषयी दोन मते प्रसिद्ध आहेत : इमाम मिंबरावर बसल्यापासून नमाज संपेपर्यंत, किंवा असरनंतर सूर्यास्तापूर्वीची अखेरची वेळ. म्हणूनच शुक्रवारच्या दुआ सकाळी सुरू होतात व दिवसभर चालतात. दुपारी जुहरच्या चार रकातींऐवजी दोन रकाती व त्यांपूर्वी दोन भागांचा अरबी खुतबा असतो. आपल्या देशात बहुधा त्याच्या आधी उर्दूत बयान होते.

आदमाची निर्मिती, त्याचा स्वर्गप्रवेश व तेथून त्याचे निष्कासन ही शुक्रवारीच झाली आणि अंतिम घटकाही शुक्रवारीच येईल, असे हदिसीत म्हटले आहे. दुसऱ्या शतकात लियोंचे बिशप आयरेनियस यांनी 'पाखंडांविरुद्ध' ह्या ग्रंथाच्या पाचव्या भागात जवळजवळ हाच दिवस धरून विचार केला आहे : आदाम सहाव्या दिवशी निर्माण झाला, त्याच दिवशी आज्ञाभंगामुळे मरणाधीन झाला, आणि म्हणून प्रभूनेही शब्बाथाच्या पूर्वदिवशीच मरण सोसले. दिवस एक, आदाम एक, पण मधला वधस्तंभ कुराणाच्या चौथ्या अध्यायाने नाकारलेला. ह्या नकारामुळे दिवसाचा रंगही पालटतो. 'डिडाखी' ह्या प्राचीन ग्रंथानुसार आरंभीचे ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी उपास करीत. उलट केवळ शुक्रवार निवडून उपास करू नये असे मुस्लिम हदीस सांगते, कारण तो आठवड्याचा आनंदाचा दिवस होय.

ह्या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे येऊ. 'जुम्मा मुबारक' ह्या अभिवादनाला पैगंबरांच्या आचाराचा आधार नाही, आणि ते नित्यनियमाने म्हणणे कित्येक उलेमांस मान्य नाही. तो धर्मविधी नव्हे, सद्भावनेचा शब्द आहे. त्याला 'देव आपले भले करो' किंवा हिंदुस्थानीत 'ख़ुदा आपको बरकत दे' असे उत्तर देण्यास पाळकाने मुळीच संकोच करू नये. शांतीच्या सलामास शांतीचे उत्तर द्यावे हे लूकाच्या १० व्या अध्यायाशी सुसंगतच आहे. दुआ आली असता तिचा मजकूर पाहावा. आजाऱ्यास आरोग्य, मुलांस सद्बुद्धी, घरास अन्न असे मागणे असेल तर 'आमेन' म्हणावे. हा शब्द मुसलमानांच्या 'आमीन'चाच सहोदर आहे. मजकूर दुरूदाचा असेल तर ते शब्द आपण म्हणू नयेत व मंडळीच्या गटांत पुढेही पाठवू नयेत, कारण त्यांत पैगंबरत्वाची कबुली अनुस्यूत आहे. पाठविणाऱ्याचे आभार मानून आपल्या शब्दांत त्याच्यासाठी प्रार्थना करीत असल्याचे कळवावे. बाहेरच्याने दिलेला आशीर्वाद घ्यावाच कशाला, असे कोणी विचारील. अब्राहामाने मलकीसदेकाचा आशीर्वाद घेतला. तो परात्पर देवाचा याजक होता, तेव्हा तुलना पुरती लागू नाही हे आम्ही जाणतो. पण अब्राहामाने आधी त्याची वंशावळ विचारली नाही, एवढे तरी खरे.

हैदराबादेतील हेन्री मार्टिन संस्था, जी १९३० साली लाहोरात स्थापन होऊन १९७१ पासून तेथे आहे, अशा विषयांच्या अभ्यासासाठी आपल्या सेवकांस उपयोगी पडेल.

एक व्यावहारिक सूचना राहिली. शुक्रवारी मरण येणे भाग्याचे, अशा मृतास कबरेतील परीक्षेपासून अभय मिळते, अशी एक हदीस तिर्मिझी यांनी दिली आहे, जरी तिची परंपरा अखंड नाही असे त्यांनीच नमूद केले आहे. शोकाकुल घरी हे वाक्य पाळकाच्या कानी पडेल. तेथे त्याचे खंडन करू नये; ऐकून घ्यावे. मयतीची नमाज त्या दिवशी बहुधा जुम्म्याच्या नमाजेला जोडून होते. म्हणून सांत्वनाची भेट सकाळी अकराच्या आत घ्यावी, ते न जमल्यास असरनंतर जावे.