घोड्याच्या आवाजाची आई

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहेत. मोजकी अक्षरं आणि मात्रा शिकल्या, की अर्थ कळो न कळो, ते वाचता येतात. चिनी लिपीत ही सोय नाही, कारण तिथे बाराखडीच नाही. सातव्या शतकात चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगने मग ‘महाराष्ट्र’ कसं लिहिलं? चार चिन्हं घेतली, त्यांचे अर्थ बाजूला ठेवले आणि फक्त आवाज वापरला. आजच्या चिनी उच्चारात ते होतं मो-हो-ला-चा.

चिनी चिन्हांचे सर्वांत जुने भरघोस नमुने इ.स.पू. 1250च्या आसपासचे, चीनमधल्या अन्यांगला सापडलेले. कासवाच्या कवचावर किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडावर प्रश्न कोरायचा, हाड तापवायचं आणि तडे पाहून कौल सांगायचा. पाऊस पडेल का? लढाई जिंकू का? राजाच्या दाढदुखीचाही कौल लावलेला आहे! 1899मध्ये वांग यीरोंग या विद्वानाने ही जुनी लिपी ओळखली.

सूर्य, डोंगर, घोडा चित्राने दाखवता येतात. पण सगळंच कसं काढणार? म्हणून जोडचिन्हं आली: एक भाग अर्थाचा, दुसरा आवाजाचा. ‘आई’ लिहायला बाई आणि घोडा शेजारी ठेवतात. घोड्याचा आईशी संबंध एवढाच, की त्यालाही ‘मा’ म्हणतात, फक्त सूर वेगळा. बहुतेक चिनी चिन्हं अशीच घडली आहेत.

इ.स.पू. 221नंतर छिन सम्राटाने देशभर लिपीला एकच वळण लावलं. 1956पासूनच्या सरलीकरणात दहा रेघांचा घोडा तीन रेघांवर आला. त्याच्या पायांचे चार ठिपके जाऊन तिथे एक आडवी रेघ उरली.