तेच शेर, दुसरे कान

अमरावतीत १९३२ साली जन्मलेले सुरेश भट आपल्या गझला मैफलीत स्वतः गाऊन सादर करीत. त्यांचा 'रूपगंधा' (१९६१) मला प्रथम वाचनातच आवडला. 'एल्गार' (१९८३) मात्र कर्कश वाटला. अकोल्याच्या मामांशी त्यावरून कडाक्याचे भांडण झाले. पुढे वडील वारले, भाऊबंदकीत घर मोडले, तेव्हा त्याच 'एल्गार'ने मला धीर दिला.

असे का व्हावे? गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. ऐकणारा आपल्या अनुभवाला पटेल तो शेर उचलतो. बाकीचे कानावरून जातात. अनुभव वाढला की त्यांची पाळी येते. म्हणून मित्रहो, पहिल्या ऐकण्यावर निकाल देऊ नये.

मामा हयात असताना हे त्यांच्यापाशी कबूल करणे मात्र राहून गेले.