चकती बसली, आता पाठ सांभाळा

कंबरेच्या मणक्यांमधील झिजलेली गादी काढून धातू-प्लॅस्टिकची चकती बसवण्याची शस्त्रक्रिया १९८४ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात झाली. आता ती आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही होते. कळ थांबली की माणसाला वाटते, आपण बरे झालो, आणि तो कामाला लागतो. घात होतो तो इथेच.

आंब्याचे कलम बांधल्यावर जोड धरेपर्यंत आपण त्याला धक्का लावत नाही. चकतीला मणक्याचे हाड धरायलाही काही महिने लागतात.

याचा अर्थ अंथरुणाला खिळून राहा असा नव्हे. डॉक्टर सांगतील तेव्हापासून सपाट जागी रोज थोडे थोडे चाला. साधारण पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त ओझे उचलू नका. भरलेला हंडासुद्धा नको. वाकून खुरपणी, ट्रॅक्टर, बैलगाडीचे हिसके डॉक्टरांच्या परवानगीपर्यंत बंद. बसायला खुर्ची घ्या, अर्ध्या तासाने उठा. विडी सोडा, तिने जखम लवकर भरत नाही.

शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर सुगी उरकून करा. पेरणी आलीच, तर सावडीने माणसे घ्या.

ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजली, पायातील जोर गेला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बरे झाल्यावरही ४५ किलोंचे युरियाचे पोते एकट्याने उचलू नका. दोघांनी, गुडघे वाकवून, पोते अंगाशी धरून उचला.