खसखशीएवढ्या दाण्यातला मळा

हिवाळ्यातली अमावास्येची रात्र, ओहोटी लागलेली. कोकणातल्या एका किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाऊल टेकवलं आणि त्याच्याभोवती निळं कडं उमटलं. पाऊल उचललं, कडं विझलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा पेटलं. ओंजळभर पाणी घेतलं तर बोटांच्या फटींतून ठिणग्या गळू लागल्या. समोर लाट फुटली की तिच्या माथ्यावरून निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जायची. बराच वेळ मला कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही.

गेल्या काही वर्षांत जुहूपासून रत्नागिरी-देवगडपर्यंत अशा लाटा दिसल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात आणि माणसं गाड्या काढून किनारा गाठतात. जावंच. पण तो उजेड कुणाचा, हेही समजून घ्यावं, कारण त्याची गोष्ट लाटेपेक्षा अद्भुत आहे.

त्या रात्री एका बरणीत थोडं पाणी भरून आणलं होतं. सकाळी बरणी उन्हात धरली तर वरच्या थरात बारीक, पारदर्शक ठिपके तरंगत होते. एक ठिपका म्हणजे एक अख्खा जीव, आणि तो अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. ही साधारण अर्ध्या मिलिमीटरची, कधी खसखशीच्या दाण्याएवढी. हिचं नाव नॉक्टिल्युका, लॅटिनमध्ये रात्रीचा दिवा. हिला धक्का लागला की पेशीतल्या पोकळीच्या पडद्यावरून विजेची लहर धावते, त्या पोकळीतली आम्लता सूक्ष्म कणांमध्ये शिरते आणि तिथलं ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावून निळं चमकतं. सेकंदाचा दहावा भाग, की संपलं! हे कशासाठी? एक तर्क मला फार आवडतो. नॉक्टिल्युकाला खायला एखादा कोळंबीसारखा चिमुकला जीव आला की ती पेटते. त्या उजेडात तो खाणाराच उघडा पडतो आणि मोठ्या माशाला सापडतो. घरात चोर शिरल्यावर दिवे लावून सगळी आळी जागी करावी, तसं.

नॉक्टिल्युका स्वतः शिकारी आहे. एका लहानशा सोंडेने ती डायटम (काचेच्या कवचातली एकपेशीय शैवालं), इतर बारीक प्लवक, माशांची अंडीसुद्धा आत ओढून घेते. थंड समुद्रांतली नॉक्टिल्युका एवढ्यावरच जगते, आणि तिचा बहर आला की पाणी लालसर दिसतं. उष्ण कटिबंधातल्या नॉक्टिल्युकाने मात्र पोटात मळा लावला आहे. तिच्या पोकळीत हजारो हिरवी शैवालं राहतात, आणि तीही गप्प पडून नसतात, आतल्या आत पोहत असतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न शिजवतात, मालकिणीला वाटा देतात आणि तिच्या खाण्यातून उरलेला अमोनिया खत म्हणून वापरतात. खायला मिळालं तर शिकार, नाही मिळालं तर ऊन. अशा जिवाला उपाशी कसं ठेवणार?

अरबी समुद्राच्या उत्तर भागात 2000 सालाच्या आसपासपासून या दुहेरी सोयीचाच परिणाम दिसतो आहे. पूर्वी हिवाळ्यात तिथे डायटमचा बहर यायचा. त्यांच्यावर बारीक प्लवक जगतं आणि त्यावर मासे. आता तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे इतके विस्तीर्ण बहर येतात की ते उपग्रहातून दिसतात. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेत काम करणारे, मूळचे गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी या बदलाचा धागा थेट हिमालयापर्यंत नेला. हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे थंड, कोरडे वारे समुद्राचा पृष्ठभाग गार करतात. गार पाणी जड होऊन खाली जातं, खालचं खतावलेलं पाणी वर येतं, आणि त्यावर डायटम पोसतात. पर्वतावरचं बर्फ कमी झालं की वारे उबदार होतात, ही घुसळण मंदावते, डायटमची उपासमार होते. मळा पोटात घेऊन फिरणारीचं काही अडत नाही. याच जोडीने 2014 मध्ये असं मांडलं की कमी ऑक्सिजनच्या पाण्यात या नॉक्टिल्युकाचं प्रकाशसंश्लेषण उलट वाढतं. बहराला ऑक्सिजनची टंचाईच कारण आहे का, यावर इतर संशोधकांचे आक्षेप आहेत आणि तो वाद सुरू आहे. पण डोंगरावरच्या बर्फाचा हिशोब समुद्रातल्या खसखशीएवढ्या दाण्यात उतरावा, हे वाचलं त्या दिवशी मी नकाशा काढून बसलो होतो.

मग बिघडलं कुठे? नॉक्टिल्युका मोठ्या साखळीत फारशी कुणाच्या उपयोगी पडत नाही. तिला आवडीने खाणारे म्हणजे जेलीफिश आणि साल्प नावाचे पारदर्शक, पिंपासारखे जीव. बांगड्या-तारलीच्या वाट्याला त्यातून फार थोडं येतं. दाट बहर मरून कुजला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांनाही या बहरांनी त्रास दिला आहे. तरी ही स्वतः विष तयार करत नाही. तिच्या काही भावंडांचं तसं नाही. 1997 मध्ये केरळातल्या विझिंजमला शिंपले खाऊन सात माणसं दगावली. असलं शैवालविष शिंपल्यांत साठतं, चवीला कळत नाही आणि शिजवूनही जात नाही. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहांच्या मदतीने शैवालांच्या बहरांवर नजर ठेवते, ती यासाठीच.

नॉक्टिल्युका तरंगते कशी, हे मला त्या बरणीनेच शिकवलं. खाऱ्या पाण्यात वर राहायला ती आपल्या पोकळीत जड क्षारांऐवजी हलकं अमोनियम साठवते. बरणी मी खिडकीत ठेवून विसरलो होतो. पहिल्या रात्री हलवली तेव्हा ती निळी झाली होती. तिसऱ्या सकाळी ठिपके तळाशी गाळ होऊन बसले होते, आणि झाकण उघडल्याबरोबर अमोनियाचा उग्र दर्प नाकात शिरला.