या खोलीतून त्या खोलीत

भाचीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ४० जीबींचा ऐवज माझ्या लॅपटॉपवर होता आणि तो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर हवा होता. पेनड्राइव्ह लावला, तर मुख्य व्हिडिओपाशी तो अडून बसला. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ४ जीबींपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, ऑनलाइन ड्राइव्हवर टाका ना!’’ म्हणजे फाइल आधी कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर जाणार आणि तिथून भिंतीपलीकडे परत येणार. काखेत कळसा, गावाला वळसा! दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर होते. रस्ता घरातच होता.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

राउटर दोन कामं करतो. एक, घराला इंटरनेटशी जोडतो. दोन, घरातल्या उपकरणांना एकमेकांशी जोडतो. दुसऱ्या कामाला इंटरनेट लागत नाही. बाहेरची लाइन बंद असली तरी राउटर चालू असेल, तर फाइल या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जाते आणि डेटा पॅकमधला एक एमबीही खर्च होत नाही. विंडोजमध्ये हे काम एसएमबी नावाच्या पद्धतीने चालतं. मॅक आणि लिनक्सलाही ती समजते.

आधी नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा

विंडोज ११ नव्या वाय-फायला सहसा ‘पब्लिक’ समजतं आणि आपला कॉम्प्युटर इतरांपासून लपवतं. स्टेशनवर किंवा हॉटेलात ते योग्यच. घरात मात्र अडचण. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय आणि चालू जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडा. नंतर अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ ही दोन बटणं चालू करा. दोन्ही कॉम्प्युटरवर हेच करायचं.

एकच फोल्डर शेअर करा

अख्खी सी ड्राइव्ह शेअर करू नका. ‘देवाणघेवाण’ असा वेगळा फोल्डर करा. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग आणि मग शेअर. कोणाला द्यायचा ते निवडा. ‘रीड’ दिलं तर समोरचा फाइल फक्त बघेल आणि कॉपी करून घेईल; ‘रीड/राइट’ दिलं तर बदलेल आणि पुसेलही.

घोडं अडतं ते पासवर्डपाशी

फोल्डर दिसतो, पण उघडताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो. इथे आपण रोजच्या सवयीने चार आकडी पिन टाकतो आणि तो नाकारला जातो. पिन त्या एका कॉम्प्युटरपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, तिथल्या खात्याचा पासवर्ड हवा. मायक्रोसॉफ्ट खातं असेल, तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि खाली त्याच खात्याचा पासवर्ड. खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सोपा उपाय म्हणजे त्या कॉम्प्युटरवर ‘घर’ नावाचं वेगळं लोकल खातं उघडायचं, त्याला पासवर्ड द्यायचा आणि फोल्डर त्याच्यासाठी शेअर करायचा.

कॉम्प्युटर दिसतच नसेल तर

नावाने सापडत नसेल, तर आयपी पत्त्याने बोलवा. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन तो टाइप करा आणि एंटर दाबा. तरीही दाद मिळाली नाही, तर तीन गोष्टी तपासा. समोरचा कॉम्प्युटर झोपी गेला आहे का? एखादा ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे का? पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरातली उपकरणं सहसा दिसत नाहीत. आणि राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू आहे का? ते उपकरणांची आपसांतली बोलणीच तोडतं.

किती वेळ लागेल?

वाय-फायचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून सांगितलेल्या आकड्याला ८ ने भागायचं. शिवाय दोन्ही कॉम्प्युटर वाय-फायवर असले, की फाइल हवेतून दोनदा जाते: आधी राउटरकडे, मग तिथून पुढे. दोन्ही एकाच बँडवर असतील, तर वेग साधारण निम्मा होतो. दर सेकंदाला २० मेगाबाइट मिळाले, तरी ४० जीबींना अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. घाई असेल तर एक कॉम्प्युटर लॅन केबलने राउटरला जोडा. हवेतली एक फेरी वाचते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गीगाहर्ट्झचा बँड घ्या. मध्ये भिंती असतील तर २.४ चा बँड जास्त लांब पोचतो, पण सावकाश.

दार उघडं, पण कडी हाताशी

‘एसएमबी १’ ही जुनी आवृत्ती चालू करायचा सल्ला मिळाला, तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्याच भगदाडातून जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले होते. राउटरवर ४४५ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. वाय-फायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटला असेल, तर आधी तो बदला.

आणि फाइल नेताना ‘कट’ नको, ‘कॉपी’ करा. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. लग्नाचा व्हिडिओ आतल्या खोलीत पोचल्यावर मी तो तिथे चालवून पाहिला, मुंडावळ्यांपासून पाठवणीपर्यंत. लॅपटॉपवरची प्रत मात्र अजून तशीच ठेवली आहे.